पात्र ठरण्यासाठी आजारी पडायचं का?

न्यूयॉर्क शहरात एकट्या राहणाऱ्या माणसाला मेडिकेड मिळायचं, तर 2025 साली त्याचं उत्पन्न महिन्याला साधारण 1,800 डॉलरच्या आत असावं लागत होतं. मेडिकेड म्हणजे अमेरिकेतला गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. त्याच वर्षी शहरातलं किमान वेतन तासाला 16.50 डॉलर होतं. आठवड्याला 25 तास काम करणारा माणूस या मर्यादेत बसत होता. 26 तास केले की बाहेर. पूर्णवेळ, म्हणजे 40 तास काम करणारा तर वर्षाला 34,000 डॉलरच्या वर जातो आणि त्याचा मेडिकेडशी संबंध संपतो. या शहरात 34,000 डॉलरमध्ये खोलीभाडं भरून माणूस कसा जगतो, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता हा माणूस एचआयव्हीसह जगणारा आहे असं धरा. न्यूयॉर्कच्या मेडिकेडमध्ये अशा लोकांसाठी खास प्लॅन आहेत. 2003 पासून त्यांत नोंदणी सुरू आहे आणि आज शहरात असे तीन प्लॅन चालतात: अमिडा केअर, मेट्रोप्लस आणि व्हीएनएस हेल्थचा सिलेक्टहेल्थ. यांत मुख्य डॉक्टर एचआयव्हीचा जाणकार असतो. प्रत्येक सभासदामागे एक केअर कोऑर्डिनेटर असतो. गोळ्या वेळेवर मिळताहेत का, रक्ततपासणी चुकली का, घरमालकाने नोटीस दिली आहे का, दारू सोडायला मदत हवी आहे का, हे सगळं तो बघतो. ज्यांनी ही व्यवस्था जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की एचआयव्हीच्या उपचारात गोळी हा सोपा भाग आहे. ती गोळी रोज, वर्षानुवर्षं घेता येईल असं आयुष्य माणसाच्या हाती असणं, हे अवघड. खास प्लॅन नेमकं तिथे उपयोगी पडतो.

पण या प्लॅनला स्वतःचं दार नाही. त्यात शिरायचं तर आधी मेडिकेडच्या दारातून यावं लागतं. आणि ते दार आजार बघत नाही. ते उत्पन्न बघतं, राज्य बघतं, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड बघतं, आणि अनेक ठिकाणी माणूस पुरेसा अपंग झाला आहे का, तेही बघतं. माझं म्हणणं साधं आहे. एचआयव्हीचं निदान झालं, एवढीच गोष्ट पात्रतेला पुरेशी असली पाहिजे. बऱ्या राहिलेल्या माणसाला, आपण अजून कसे आजारी आहोत किंवा कसे गरीब आहोत, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावू नये.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लोकांना विम्याचे अर्ज भरायला मदत करते. आपली मराठी माणसंही येतात, बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओळखीने आणि आवाज खाली ठेवून. त्यांच्यातले एक गृहस्थ रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतात. गोळ्या सुरू होऊन बरीच वर्षं झाली, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतका खाली आहे, तब्येत ठणठणीत. मेडिकेडच्या नूतनीकरणाची नोटीस आली की मागच्या चार आठवड्यांच्या पगाराच्या स्लिपा जोडाव्या लागतात. त्यांची तारीख नेमकी सणासुदीच्या हंगामात येते, जेव्हा मालक जास्तीच्या शिफ्ट देतो. टेबलावर स्लिपा पसरून, प्रत्येकीवरच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारत त्यांनी विचारलं, “ताई, या महिन्यात मालकाला नाही म्हणू का? पैसे हवेत, पण कार्ड गेलं तर?” मी त्यांना नियम समजावून सांगितला. त्यांनी शिफ्ट घेतल्या नाहीत. एक धडधाकट, कष्टाळू माणूस विमा टिकवण्यासाठी कमी कमावतो, याचा दोष मी त्यांना देणार नाही. तो पात्रतेच्या नियमाचा आहे.

इथे न्यूयॉर्कबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मर्यादा ओलांडली म्हणून इथे माणूस लगेच उघड्यावर येत नाही. त्याला इसेन्शियल प्लॅन नावाचा दुसरा सरकारी विमा मिळू शकतो, आणि तो चांगला आहे. पण एचआयव्हीचा खास प्लॅन मेडिकेडच्या आतला. मेडिकेड सुटलं की तो सुटतो, ओळखीचा कोऑर्डिनेटर सुटतो, कधी डॉक्टरही बदलावा लागतो. काम करणाऱ्या अपंगांसाठी मेडिकेडची जास्त उत्पन्नमर्यादेची एक वेगळी सोय आहे, पण तिच्यासाठी अपंगत्व सिद्ध करावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच: आजारी असल्याचा दाखला आणा.

हा दाखला मागण्याची सवय जुनी आहे आणि तिने माणसं मारली आहेत.

2014 च्या आधी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मूल-बाळ नसलेल्या प्रौढाला, तो कितीही गरीब असला तरी, मेडिकेड मिळत नसे. अपवाद अपंगांचा. एचआयव्हीची नुसती लागण म्हणजे अपंगत्व नव्हे. एड्स झाला की अपंगत्व. 1996 नंतर एकत्रित औषधोपचाराने एड्स टाळता येऊ लागला, पण ती औषधं परवडायला मेडिकेड हवं आणि मेडिकेड मिळायला एड्स झालेला हवा. औषधाने बरं वाटलं, तर अपंगत्वाचा फेरतपास होऊन विमा जाण्याची भीती. मॅसॅच्युसेट्ससारख्या एखाद्या राज्याने 2001 मध्ये केंद्राची खास परवानगी घेऊन अपंग नसलेल्या एचआयव्हीबाधितांना मेडिकेडमध्ये घेतलं. बाकी बहुतेक राज्यांनी घेतलं नाही.

बायकांचं तर आणखी वाईट. ‘एड्स’ची सरकारी व्याख्या सुरुवातीला मुख्यतः पुरुषांमध्ये दिसलेल्या आजारांवरून बेतली होती. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला, ओटीपोटातले संसर्ग वारंवार झाले, तरी ते यादीत नव्हते. त्यामुळे कागदोपत्री तिला एड्स नव्हता, म्हणून ती अपंग नव्हती, म्हणून तिला भत्ता नव्हता आणि विमाही नव्हता. 1990 साली टेरी मॅकगव्हर्न या वकील बाईंनी न्यूयॉर्कमध्ये अशा स्त्रियांच्या वतीने, अपंगत्व ठरवणाऱ्या सोशल सिक्युरिटी खात्याविरुद्ध खटला भरला. रस्त्यावर आंदोलनं झाली. कॅटरिना हॅस्लिप नावाच्या बाई तुरुंगात असल्यापासून यासाठी लढत होत्या. सोबतच्या कैदी बायकांना त्यांनी संघटित केलं, सुटल्यावर आरोग्य अधिकाऱ्यांपुढे जाऊन त्या बोलल्या. अखेर व्याख्या बदलली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, फुप्फुसाचा टीबी, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया आणि सीडी4 या रोगप्रतिकारक पेशी 200 च्या खाली जाणं, हे सगळं तिच्यात आलं. ही नवी व्याख्या 1 जानेवारी 1993 रोजी लागू झाली. हॅस्लिप डिसेंबर 1992 मध्ये गेल्या.

व्याख्येतल्या एका ओळीला केवढी ताकद असते, हे या प्रसंगातून दिसतं. पात्रतेच्या नियमांवरची चर्चा ऐकताना आपल्याला ती कारकुनी वाटते. तक्ते, टक्केवारी, तळटीपा. पण त्या तळटिपेच्या अलीकडे किंवा पलीकडे असणं म्हणजे कुणासाठी जगणं किंवा मरणं असतं.

न्यूयॉर्क शहरानेही हा धडा उशिरानेच घेतला. शहराचं एचआयव्ही-एड्स सेवा खातं घरभाड्याला आणि जेवणखाण्याला मदत करतं. 2016 पर्यंत ती मदत फक्त एड्स किंवा लक्षणं असलेल्यांना मिळे. म्हणजे नीट औषध घेऊन निरोगी राहिलेला बेघर माणूस अपात्र, आणि आजारी पडलेला पात्र. डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून गोळ्या थांबवायचा विचार माणसाच्या मनात यावा, अशी ही रचना होती. 2016 मध्ये ती अट काढली आणि एचआयव्हीची लागण असलेल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या सर्वांना दार उघडलं. त्याने शहर बुडालं नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. 1 एप्रिल 2004 रोजी भारत सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू केली तेव्हा पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तिथेही पहिली अट सीडी4 200 च्या खाली असण्याची होती. पुढे ती 350 झाली, मग 500, आणि 2017 मध्ये आकडाच काढून टाकला: लागण झाली की औषध. एआरटी केंद्रावर उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, ही आपल्याकडची फार मोठी गोष्ट आहे आणि आपण तिचं पुरेसं कौतुक करत नाही. मात्र त्याच माणसाला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान हवं असेल तर तहसील कार्यालयात खेटे घालून वर्षाला 21,000 रुपयांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो. महिन्याला 1,750 रुपये. गोळीने बरा झालेला आणि मजुरीवर जाऊ लागलेला कुठला माणूस इतक्या कमी उत्पन्नात राहील?

सरकारांनी सीडी4 चा आकडा का काढला, त्यामागे भक्कम विज्ञान आहे, आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. एचपीटीएन 052 या नऊ देशांतल्या अभ्यासात अशी 1,763 जोडपी होती, ज्यांतल्या एकाला एचआयव्ही होता आणि दुसऱ्याला नव्हता. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यातलं एक केंद्र होती. 2011 मध्ये निष्कर्ष आला की लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते. पुढच्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट केलं की व्हायरल लोड सापडत नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होतच नाही. 2015 मध्ये ‘स्टार्ट’ या अभ्यासाने दाखवलं की तब्येत चांगली असतानाच औषध सुरू करणं रुग्णाच्याही हिताचं असतं. आणि त्याआधी 2006 मध्ये ‘स्मार्ट’ अभ्यासाने उलट बाजू दाखवली होती. 5,400 हून अधिक रुग्णांच्या त्या अभ्यासात ज्यांचं औषध ठरवून मध्ये मध्ये थांबवलं, त्यांच्यात आजारपण आणि मृत्यू इतके वाढले की तो प्रयोग थांबवावा लागला.

हे सगळं कळल्यावर पात्रतेचा नियम कसा असायला हवा, हे वेगळं सांगावं लागू नये. उपचार लवकर सुरू व्हावा आणि तो तुटू नये, या दोनच गोष्टींना त्याने जपायला हवं. मेडिकेडचे नियम नेमक्या या दोन गोष्टींच्या आड येतात. औषध थांबलं की काही आठवड्यांत विषाणू परत डोकं वर काढतो. नूतनीकरणाचा कागद चुकीच्या पत्त्यावर गेला, हे त्याला कळत नाही.

आणि कागद हरवतात. करोनाच्या काळात मेडिकेडमधून कुणाला काढायचं नाही असा नियम होता. तो 31 मार्च 2023 ला संपला आणि सर्व राज्यांनी पुन्हा पात्रता तपासायला घेतली. त्यानंतर अडीच कोटींहून जास्त लोकांचा विमा गेला. त्यांतले जवळपास 70 टक्के अपात्र ठरले म्हणून नाही, तर कागदपत्रांच्या कारणाने गेले: फॉर्म आला नाही, वेळेत परत गेला नाही, फोन लागला नाही. मेडिकेड हा अमेरिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सर्वांत मोठा विमा आहे. 65 वर्षांखालच्या अशा प्रौढांपैकी सुमारे 40 टक्के लोक त्यावर अवलंबून आहेत. तेव्हा या गाळणीत तेही होतेच.

आता तीच गाळणी कायमची बसवायचं ठरलं आहे. 4 जुलै 2025 रोजी अमेरिकेत जो मोठा अर्थविषयक कायदा झाला, त्याने मेडिकेडच्या विस्तारित गटातल्या, म्हणजे 2014 नंतर केवळ उत्पन्नावर पात्र ठरू लागलेल्या, 19 ते 64 वयाच्या प्रौढांना कामाची अट घातली. महिन्याला किमान 80 तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवायची, नाहीतर किमान 580 डॉलरची कमाई. 1 जानेवारी 2027 पर्यंत राज्यांनी ती लागू करायची आहे. शिवाय या गटाची पात्रता वर्षातून एकदा तपासत, ती आता दर सहा महिन्यांनी तपासायची. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये एकट्या माणसाने 580 पेक्षा कमी कमावलं आणि तासही दाखवता आले नाहीत, तरी विमा जाणार. आणि उत्पन्नाच्या मर्यादेपेक्षा जास्त कमावलं तरी मेडिकेड जाणार. आमच्या त्या किचनमधल्या गृहस्थांनी आता स्लिपा वर्षातून दोनदा टेबलावर पसरायच्या.

कायद्यात सूट आहे. जे ‘वैद्यकीयदृष्ट्या नाजूक’ आहेत त्यांना कामाची अट नाही, आणि त्यात गंभीर किंवा गुंतागुंतीचा आजार असलेले येतात. पण एचआयव्हीचं नाव त्यात लिहिलेलं नाही. मग ज्याचा व्हायरल लोड शून्यवत आहे, जो रोज कामावर जातो, तो नाजूक म्हणायचा का? डॉक्टरांनी काय लिहून द्यायचं? खरं लिहिलं, की पेशंट उत्तम आहे, तर सूट जाणार. तीस वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न नव्या कपड्यांत समोर उभा आहे: विमा हवा तर आजारी दिसा.

कामाच्या अटीने लोक कामाला लागतात, असं तिचे समर्थक सांगतात. हे आर्कान्सा राज्यात करून पाहिलेलं आहे. 2018 मध्ये काही महिन्यांतच 18,000 हून अधिक लोकांचा विमा गेला. मार्च 2019 मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली. नंतरच्या अभ्यासात रोजगार वाढल्याचं दिसलं नाही. बहुतेक लोक आधीच काम करत होते किंवा सूट मिळायला पात्र होते. त्यांना तसं कळवता आलं नाही, एवढंच. तास नोंदवायची वेबसाइट रात्री नऊ ते सकाळी सात बंद असे. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाने फोन उघडावा आणि वेबसाइट बंद मिळावी.

हा झाला दार निदान उघडणाऱ्या राज्यांचा प्रकार. ओबामांच्या काळातल्या 2010 च्या कायद्याने 2014 पासून दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंतच्या सर्व प्रौढांना मेडिकेड मिळणार होतं. अपंगत्वाची अट त्याने जवळजवळ निकालात काढली असती. पण जून 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विस्तार करायचा की नाही हे राज्यांवर सोडलं. दहा राज्यांनी अजून तो केलेला नाही, आणि त्यांत टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, मिसिसिपी, अलाबामा ही दक्षिणेकडची राज्यं आहेत. अमेरिकेतली एचआयव्हीची निम्म्याच्या आसपास नवी निदानं दक्षिणेत होतात. फ्लोरिडात एचआयव्हीसाठी मेडिकेडचा खास प्लॅनही आहे. पण मूल नसलेला, अपंग नसलेला प्रौढ तिथे कितीही कंगाल असला तरी मेडिकेडलाच पात्र नाही, आणि आईबापांसाठीची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या एक तृतीयांशाहूनही खाली आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खास प्लॅन कितीही उत्तम बांधा, ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे ते बाहेरच उभे.

यावर सांगितलं जातं की औषधं तर मिळतातच ना. रायन व्हाइट या इंडियानातल्या मुलाला रक्तघटकांच्या उपचारातून लागण झाली होती. 1990 साली, अठराव्या वर्षी तो गेला आणि त्याच वर्षी त्याच्या नावाने कायदा झाला. त्या कायद्याखालचा औषधसाहाय्य कार्यक्रम विमा नसलेल्यांना गोळ्या देतो. त्याने लाखो जीव वाचवले, हे अगदी खरं. पण तो हक्क नाही. दरवर्षी मंजूर होणाऱ्या पैशावर चालतो. पैसा कमी पडला की रांग लागते. 2011 मध्ये देशभरात 9,000 हून जास्त लोक त्या रांगेत होते आणि सर्वांत लांब रांगांपैकी एक फ्लोरिडात होती. शिवाय तो कार्यक्रम हृदयाची शस्त्रक्रिया करून देत नाही. आज अमेरिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक पन्नाशी ओलांडलेले आहेत. त्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, किडनीची काळजी आहे. त्यांना पुरा विमा हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो मी टाळणार नाही: एचआयव्हीलाच का? मधुमेहाला का नाही, दम्याला का नाही? माझ्या मते, अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात कुणालाही विम्यासाठी आजाराचं नाव सांगावं लागू नये. पण ते होईपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे आज गरज असलेल्याला उद्याच्या न्यायाचं आश्वासन देणं. आणि एकेका आजारासाठी दार उघडण्याची पद्धत अमेरिकेने कधीच स्वीकारली आहे. 1972 मध्ये मूत्रपिंडं निकामी झालेल्या जवळपास सर्वांना, वय काहीही असो, मेडिकेअर, म्हणजे एरवी मुख्यतः वृद्धांसाठी असलेला सरकारी विमा, देण्याचा कायदा झाला. कारण डायलिसिस मशीन होतं आणि पैशाअभावी कुणाला ते मिळायचं, कुणाला नाही, हे ठरवणाऱ्या समित्या लोकांना असह्य झाल्या होत्या. 2000 मध्ये स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कायदा झाला: सरकारी तपासणी कार्यक्रमात निदान झालेल्या, विमा नसलेल्या बाईला, ती अपंग नसली तरी, राज्य मेडिकेड देऊ शकतं. एचआयव्हीचं वेगळेपण असं की इथे एकाचा उपचार दुसऱ्याची लागण थांबवतो. पात्रता देण्याचं याहून सबळ कारण कोणतं?

याच धर्तीवर एचआयव्हीच्या लवकर उपचारांसाठीचं विधेयक अमेरिकी काँग्रेसपुढे अनेकदा आलं. एचआयव्ही असलेल्या, अपंग नसलेल्या गरीब माणसालाही मेडिकेडमध्ये घेण्याची मुभा राज्यांना द्यावी, एवढीच त्याची मागणी होती. नॅन्सी पेलोसी त्याच्या पाठीशी होत्या, दोन्ही पक्षांतले खासदार सह्या करत होते. ते एकदाही मंजूर झालं नाही. 2010 नंतर ते मागे पडलं, कारण सर्वांनाच मेडिकेड मिळणार होतं, मग वेगळं कशाला? आज, 2012 चा निकाल आणि 2025 चा कायदा पाहिल्यावर, ते विधेयक पुन्हा बाहेर काढायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

खर्चाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या एचआयव्हीच्या गोळीची छापील किंमत महिन्याला 4,000 डॉलरच्या घरात आहे. गरीब देशांना पुरवली जाणारी, मुख्यतः भारतीय कंपन्यांनी बनवलेली रोज एक गोळीची औषधयोजना वर्षाला 45 डॉलरच्या आत मिळते. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने दिवसाला एक डॉलरहून कमी दरात तीन औषधं देऊ केली आणि जगातल्या किमती कोसळल्या, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक आहे. अमेरिकेत औषध महाग आहे ते पेटंट आणि बाजारामुळे. किंमत कमी करायची तर औषध कंपन्यांशी भांडा. किचनमध्ये भांडी घासणाऱ्याला यादीतून वगळून बचत करू नका. वगळलेला माणूस शेवटी न्यूमोनिया घेऊन इमर्जन्सीत येतो आणि तिथला खर्च कुणीतरी भरतोच.

तिसरी शंका आपल्या लोकांत जास्त ऐकू येते: खास प्लॅन म्हणजे कपाळावर शिक्काच की. पत्त्यावर प्लॅनचं पाकीट येणार. घरात चार रूममेट, किंवा सासू-सासरे गावाहून आलेले, आणि टपाल सगळ्यांच्या हाताखालून जाणार. ही भीती खरी आहे. एका बाईंनी तर प्लॅनचं नाव असलेलं पाकीट स्वयंपाकघरातल्या काउंटरवर पडलेलं पाहून दुसऱ्याच दिवशी प्लॅन बदलायला फोन केला होता. टपाल दुसऱ्या पत्त्यावर मागवता येतं, तसं लेखी कळवायचा हक्क रुग्णाला आहे. पण ते फार थोड्यांना सांगितलं जातं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. न्यूयॉर्कने या प्लॅनची पात्रता हळूहळू रुंदावली. सभासदाची मुलं, त्यांना एचआयव्ही असो वा नसो, यात येऊ शकतात. बेघर लोक, लागण नसली तरी येऊ शकतात. 2017 पासून तृतीयपंथी आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती, लागण नसली तरी येऊ शकतात. हेतू हा, की धोका जास्त आहे तिथे लागण होण्याआधीच काळजी पोचावी. पण त्याने आणखी एक गोष्ट साधली: आता खिशातलं कार्ड पाहून कुणाला एचआयव्ही आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. दार जितकं रुंद, तितकं आत जाणाऱ्याचं गुपित सुरक्षित. ज्यांना दार अरुंद ठेवायचं आहे त्यांनी याचा विचार केलेला नसतो.

परदेशातून आलेल्यांचं काय, हेही बोलायला हवं, कारण हा लेख वाचणाऱ्यांतले कित्येक तसे आहेत. 1996 च्या केंद्रीय कायद्याने नव्या ग्रीन कार्डधारकांना पाच वर्षं मेडिकेडपासून दूर ठेवलं. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये अलिएसा खटल्यात ठरवलं की कायदेशीर राहणाऱ्या स्थलांतरिताला फक्त तो स्थलांतरित आहे म्हणून राज्याने मदत नाकारायची नाही. नदीपलीकडे न्यू जर्सीत, एडिसन-जर्सी सिटीत आपली कितीतरी कुटुंबं आहेत. तिथे बहुतेक प्रौढांना पाच वर्षं थांबावं लागतं. विषाणू पाच वर्षं थांबत नाही. त्यात सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल, ही भीती. 2019 मध्ये केंद्राने तसा नियम आणला, 2021 मध्ये तो मागे घेतला. पण घाबरलेला माणूस बातमीचा दुसरा भाग ऐकत नाही. आणि मनात खोल एक जुनी गोष्ट असते: एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेशबंदी होती आणि ती जानेवारी 2010 मध्येच उठली. तोवर ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची चाचणी व्हायची. ज्यांनी ते दिवस पाहिले ते आजही फॉर्मवर हा शब्द लिहायला कचरतात. अशा माणसाला ‘तुमची पात्रता सिद्ध करा’ म्हणणं म्हणजे त्याला घरी परत पाठवणंच.

काँग्रेस जे करायचं ते करेल. राज्यांनी आत्ता काय हाती घ्यायला हवं, ते सांगते. ‘वैद्यकीयदृष्ट्या नाजूक’ कोण, याच्या यादीत एचआयव्हीचं नाव स्पष्ट शब्दांत लिहा, आणि व्हायरल लोड कितीही खाली असला तरी सूट कायम राहील असं त्यापुढे लिहा. ज्याच्या नावावर एचआयव्हीच्या औषधांची बिलं मेडिकेडने स्वतःच भरली आहेत त्याच्याकडून डॉक्टरचा दाखला मागू नका. राज्याच्या संगणकात ती नोंद आहे, तिथूनच सूट द्या. एकदा दिलेली सूट दर सहा महिन्यांनी नव्याने मागायला लावू नका. हा आजार सहा महिन्यांत जात नाही. आणि उत्पन्न वाढून मेडिकेड सुटलेल्या माणसाला निदान एक वर्ष खास प्लॅनमध्ये, त्याच कोऑर्डिनेटरकडे राहू द्या. यातली तिसरी आणि चौथी मागणी केंद्राशी भांडल्याशिवाय मिळणार नाही, पण पहिल्या दोन गोष्टी आधी राज्यांनीच उचलून धरायला हव्यात. राज्यं नियम ठरवताना जनतेच्या हरकती मागवतात. त्या कुठल्याही नागरिकाला, स्थलांतरितालाही, साध्या पत्राने पाठवता येतात. पत्रात स्वतःचा आजार सांगावा लागत नाही.